वन्संची खापरं

वन्सं, तुमची खापरं मी टाकली नाहीत. हे आधी सांगून टाकते, म्हणजे जिथं असाल तिथं तुमचा जीव भांड्यात पडेल आणि बाकीचं भांडण आपल्याला निवांत करता येईल. भांडण संपलेलं नाही. माणूस उठून गेलं म्हणून भांडण संपतं, असं कुणी तुम्हांला सांगितलं असेल तर ते विसरा.

तुम्ही गेल्यावर शाळेत सभा झाली. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, हार घातलेल्या तुमच्या फोटोसमोर. तोच फोटो हो, ज्यात तुम्ही हसताय. काढून आणलात तेव्हा म्हणाला होतात, "वहिनी, हा कुणाला दाखवू नका, मी यात भोळी दिसते." आता सगळ्या खुटबाव गावानं बघितला. नवे सर उठले आणि तुमच्यावर बोलले. जन्म कुठला, नोकरी कुठं कुठं, शिस्त कशी, खडू कसा फेकून मारायच्या. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "बाईंनी लग्न केलं नाही. बाईंच्या मागं कुणी नाही."

मी खुर्चीत हलले. सूनबाईनं माझा हात दाबला, म्हणजे गप बसा. बसले. पण तेव्हापासून ते चार शब्द माझ्या दाढेत अडकलेत, सुपारीचं खांड अडकावं तसे. मागं कुणी नाही. म्हणजे मी कोण? तुमच्या भावामागं आपण दोघींनी एका घरात काढलेली सगळी वर्षं कोणत्या खात्यात गेली? नणंद-भावजयीचं नातं गावाला फक्त कुरबुरीपुरतंच माहीत. एकीनं दुसरीच्या डोक्याला तेल लावलं, तर ते कुणी सभेत सांगत नाही.

पण मी स्वतःसाठी नाही चिडले. मला ती खापरं आठवली.

आपल्या मळ्यातल्या जुन्या दगडी विहिरीत हंसराज यायचा. पुस्तकात त्याला नेचा म्हणतात हे मला तुम्ही सांगितलं, आणि नर्सरीत फर्न म्हणतात हे लेकीनं. मी नवरी होऊन आले तेव्हा त्या विहिरीला पायऱ्या होत्या आणि पाण्यापासून वर दोन पुरुष उंचीपर्यंत दगडांच्या सांध्यासांध्यांतून तो लोंबायचा. काळ्या दोऱ्यासारखे देठ, त्यावर बाळाच्या नखाएवढी गोलसर पानं. पाणी उडालं तरी पान भिजत नाही, थेंब घसरून जातो. वैशाखात हा सगळा वाळून जळमट होतो. बघणाराला वाटतं, गेला. आणि जरा ओल लागली की मुठी मिटलेल्या पोरांसारखा वर येतो. आपल्या दौंडच्या उन्हात लोखंडी गेट धरवत नाही, तिथं हा जगतो. तुम्ही म्हणायचात, "नाजूक दिसतो म्हणून लोक फसतात." मी म्हणायची, "तुमच्यासारखाच हाय." तुम्हांला राग यायचा. नाजूक म्हटल्याचा की फसवा म्हटल्याचा, ते मला कधी कळलं नाही.

मग त्या वर्षी पाऊस थांबता थांबेना आणि विहिरीची एक बाजू खचली. संजयनं ठरवलं, आतून काँक्रीट करायचं. माझा लेक आणि तुमचा भाचा. तुम्ही त्याला कडेवर घेऊन पाढे शिकवलेले.

"दगड परत लाव ना," तुम्ही म्हणालात.

"आत्या, दगड लावणारा गवंडी आता कुठनं आणू? जो तो स्लॅबवाला. उद्या माणूस पडलं त्यात, मग?"

"विहीर म्हणजे नुसतं पाणी नसतं, संज्या."

"मग काय असतं? शेतकऱ्याला नुसतं पाणीच असतं, आत्या."

तो खोटं बोलत नव्हता. तुम्हीही नव्हता. पण त्यानंतर तुम्ही त्याच्याशी थेट बोलायचं सोडलंत. तो समोर ताटावर बसलेला असायचा आणि तुम्ही मला सांगायचात, "वहिनी, संज्याला विचारा, भाकरी हवी का." तो म्हणायचा, "आई, आत्याला सांग, नको." मी मधे बसून भाकरीचा टेलिफोन चालवायची. आणि वर तुम्ही शपथ घेतलीत, की त्या विहिरीत मी पुन्हा वाकून बघणार नाही. शिक्षिका होतात, शपथ मोडायची सवयच नव्हती.

कामगारांनी काढलेल्या दगडांचा ढीग उन्हात पडला, हंसराजासकट. तुम्ही ओलं पोतं घेऊन धावलात. जेवढं खरवडून आणलंत तेवढं सगळं वाळलं. एकच गड्डा राहिला. टाकीखाली, न्हाणीचं पाणी जिथून जातं त्या कोपऱ्यात, जिथं ऊन कधी पोचत नाही. तेवढाच आपल्या विहिरीचा हंसराज जगात उरला, असं तुम्ही म्हणालात. जगात म्हणालात. मला तेव्हा हसू आलं होतं.

आता आपलं मुख्य भांडण.

कारेगावच्या लेकीनं मला नर्सरीतला एक नेचा आणून दिला होता, लांब तलवारीसारख्या पात्यांचा. तो मी दर पावसाळ्यात विळ्यानं मधोमध फोडते. प्रत्येक तुकड्याला मूळ राहील एवढं बघायचं, शेणखतात लावायचा, सावलीत ठेवायचा, झालं. लेकीच्या चाळीत कंपनीतली माणसं भाड्यानं राहतात, त्यांच्या दारात माझाच नेचा आहे. तिथल्या एका बिहारी बाईनं तेलाचा डबा कापून त्यात लावलाय आणि मला बघितलं की ओरडते, "अम्माजी, आपका बच्चा बड़ा हो गया!" मी म्हणत होते, तुमच्या गड्ड्याचंही तसंच करू. दे विळा, मार घाव.

"वहिनी, त्याला हात लावायचा नाही."

"अहो, एक हाय त्याचे चार व्हतील."

"चार नाही होणार. तोच एक चार कुंड्यांत बसेल. एकाला रोग लागला की चौघांना लागेल. पानामागच्या पुडीतून आलेला प्रत्येक जण वेगळा असतो."

"वेगळा कशाला पायजे? हाय तो चांगला हाय की."

"सगळे सारखे असते तर मला शाळेत इतकी वर्षं करमलं असतं का?"

त्यावरचं उत्तर मी अजून शोधतेय.

मग तुम्ही तुमचा खटाटोप मांडलात. पानाच्या पाठीमागं कडेला तपकिरी दुमड येते, तशी चांगली पिकलेली पानं खुडून लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून ठेवलीत. पाकीट झटकलं तर तळाला चिमूटभर तपकीर. तीच पूड. त्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही, एवढ्या पुडीवर त्याचा वंश. फुटक्या माठांचे तळ घेतलेत, त्यात विटेचा चुरा आणि विहिरीचा गाळ घातलात, वरून उकळतं पाणी ओतलंत. बाकीचं काही उगवू नये म्हणून. निवल्यावर पूड वरून नुसती टिचकीनं शिंपडलीत. वर काचेची बशी झाकली आणि खापरं पाण्याच्या परातीत ठेवलीत, माती खालून ओल ओढून घेईल अशी. "वरून पाणी घालायचं नाही," ही सगळ्या घराला ताकीद. भाद्रपदातली गोष्ट. नातीनं एकदा विचारलं, आजी, हे काय शिजतंय? तुम्ही म्हणालात, "धीर."

पुढं खापरात हिरवी साय धरली. तळहातावरच्या पापुद्र्यासारखी, जवळून बघितलं तर पत्त्यांतल्यासारखे बारीक बारीक बदाम. सूनबाईनं त्यातलं एक खापर काथ्यानं घासून लख्ख करून पालथं घातलं. "आत्या, शेवाळ लागलं व्हतं, काढलं बगा." बिचारीला शाबासकी हवी होती. तुम्ही नुसतं ते खापर मांडीवर घेऊन बसलात. मग मलाच बोलावलंत आणि समजावलंत, की ही साय म्हणजे अजून झाड नाही. या बदामांतच नर आणि मादी असतात, आणि पाण्याचा पातळ पापुद्रा असला तरच ते एकमेकांपर्यंत पोचतात. तेव्हा कुठं खरा हंसराज जन्मतो.

"म्हंजी यांचं लगीन पाण्यात लागतं," मी म्हणाले.

"तसं म्हणा."

"भटजी न्हाई, मांडव न्हाई, मानपान न्हाई?"

"काही नाही."

"मग तुम्ही या जातीत जन्माला यायला पायजे व्हतं, वन्सं."

असं हसलात तुम्ही, की चष्मा परातीत पडला. तुमच्या लग्नावरून तुम्हांला बोलायची हिंमत गावात फक्त माझी होती. आणि तुम्ही का केलं नाहीत, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता कुणी म्हणेल. मला नाही वाटत. तुम्हांला सांगायचं असतं तर सांगितलं असतंत.

आणि पौषात तुम्ही दुपारी जेवून पडलात ते उठलाच नाहीत. ताक अर्धं राहिलेलं. मला सगळे म्हणतात, किती सुखाचं मरण. असेल. मला मात्र राग आला, अजून येतो. निरोप नाही, निदान परातीतलं पाणी कधी बदलायचं एवढं तरी सांगून जायचं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि आम्ही मागं सरलो. माझ्या मनात पक्कं होतं, कावळा तास-तासभर शिवणार नाही, बाईंचा जीव खापरांत अडकलाय. मग मी पुढं होऊन बोलेन, आणि सगळ्यांना कळेल. कसलं काय. कावळा जणू झाडावर वाटच बघत होता. माणसं मागं वळायच्या आत पिंड फोडला. सगळे खूश. "बाई तृप्त गेल्या. मागं इच्छा म्हणून ठेवली न्हाई." मी नदीकडं तोंड करून तुम्हांला मनात म्हणाले, एवढी घाई? एवढीसुद्धा आठवण नाही का आली? मी इथं भांडायला उभी आणि तुम्ही मोकळ्या?

घरी आलो तर अंगणात सारवणं, धुणं चाललेलं. घरातली मातीची भांडी बाहेर काढून ठेवलेली. सुतकातलं मातीचं भांडं घरात ठेवत नाहीत, ते टाकायचं, हे मलाही माहीत आहे. सासूबाई गेल्या तेव्हा पाण्याचे माठ मीच नेऊन फोडले होते. रिकामा माठ, रांजण, दह्याचं गाडगं, आणि त्या रांगेत शेवटी तुमची खापरं. काचेच्या बशा तेवढ्या कुणीतरी धुऊन बाजूला ठेवलेल्या. भावकीतल्या नानी, माझ्या चुलत सासू, काठीवर हनुवटी ठेवून देखरेखीला बसलेल्या.

मी बशा उचलल्या आणि एकेका खापरावर परत झाकल्या.

"सुमन, काय करतीस?" नानी म्हणाल्या.

"झाकतीय."

"सुतकातलं मडकं हाय ते. जाऊ दे कचऱ्याच्या गाड्यावर."

"बाकीचं न्या. हे न्हाई जायचं."

"शास्तर मोडतीस व्हय? तेही कुसूमचं? शिकली-सवरली बाई ती."

"शिकली-सवरली म्हणूनच तिनं पेरलं, नानी. यात जीव हाय."

"जीव? शेवाळ हाय ते!"

"तर मग शेवाळाला जीव हाय."

कुणीतरी म्हणालं, ती साय खरवडून प्लास्टिकच्या ट्रेमधी घाला, म्हणजे शास्त्रही राहील आणि झाडही. सोय बघणारी माणसं असतात ना, तसं. मी म्हणाले, खरवडली की मरेल, आणि मी काही मरण मोजायला इथं बसलेली नाही, एक झालं तेवढं पुष्कळ झालं. नानी हटेनात. घरात नातीच्या सोयरिकीचं बघताय, लोक काय म्हणतील, सुतक फिटलं नाही म्हणतील. तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी त्या खापरांच्या पुढं फतकल मारून बसले आणि म्हणाले, "फोडायचीच असतील तर माझ्या टकुऱ्यावर फोडा. दोघींचं एकदमच उरकून टाका."

वन्सं, तेव्हा संजय पुढं आला. डोकं भादरलेलं, कपाळ उघडं पडलेलं, लहानपणी दिसायचा तसा दिसत होता. मला वाटलं, हात धरून उठवतोय. त्यानं वाकून परात उचलली, खापरांसकट, पाणी हिंदकळू न देता, आणि टाकीखाली तुमच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. तुम्ही दोघं एकाच मातीचे.

नानींनी त्या दिवसापासून आपल्या घरचा चहा सोडला. येतात, बसतात, सगळ्या गावाचं सांगतात, पण कप पुढं केला की म्हणतात, "तुमच्यात सुतक हाय." मी म्हणते, "बरं." आणि तो कप मी पिते. दोन-दोन कप होतात, झोप येत नाही, पण माघार नाही.

मी खापरांची काळजी तुमच्यासारखी घेतली असं नाही म्हणणार. मी बडबड करत घेतली. उकळून गार केलेलं पाणी परातीत घालताना रोज तुम्हांला शिव्या दिल्या. आणि फाल्गुनात एक दिवस बदामांच्या खाचेतून केसाएवढे देठ उभे राहिलेले दिसले, प्रत्येकावर एकच पान, अंगठीच्या खड्याएवढं. हंसराजासारखं दिसतसुद्धा नव्हतं. कुणाचं पान पंख्यासारखं, कुणाचं एका बाजूला झुकलेलं. एकासारखं एक नाही. ठीक आहे, या एका गोष्टीत तुम्ही बरोबर होतात. विळ्याच्या बाबतीत अजून नाही.

चैत्रात ते बोटभर झाले. सूनबाई म्हणाली, आता छान कुंड्या आणू. मी म्हणाले, कुंड्या नकोत. त्यांचं घर कुठंय ते सगळ्यांना माहीत आहे. आणि संजयला हाक मारली.

"विहीर तू लिंपलीस. आता उतर."

"आई, काँक्रीटवर काय लागणार?"

"झिरप्याला पाइपची भोकं ठेवलीस न्हवं? त्यातनं ओल येती. त्याच्या तोंडाशी गाळ भर आन् लाव."

परवाची गोष्ट. दिवस कलला होता. कंबरेला दोर बांधून, गळ्यात पिशवी अडकवून तो लोखंडी कड्यांवरनं खाली उतरला. दोराचं टोक सूनबाईनं आणि मी आंब्याच्या बुंध्याला गुंडाळून धरलेलं. नानी बातमी लागून आल्याच, काठी टेकत. "सुतकातलं झाड पिण्याच्या पाण्यात?" मी म्हणाले, "तुम्ही तसंबी आमचं पाणी घेत न्हाई, नानी." सूनबाईनं तोंडावर पदर घेतला.

खालून संजयचा आवाज येईना. मी ओरडले, "लावलास का रं?"

जरा वेळानं घुमत आवाज आला. "आई, हितं हाय."

"काय हाय?"

"हंसराज. ह्या भोकात हाय. आन् त्या खालच्यात बी. मोठा झालाय की, लोंबतोय."

"कुणी लावला?" हे नानींनी विचारलं.

"कुणी न्हाई, नानी. आलाय."

मोटार आता मोबाइलवरनं चालू होते, विहिरीत वाकून बघायला कुणाला कारणच उरलं नव्हतं. संजय बघत नव्हता, लाजेनं असेल. तुम्ही बघत नव्हता, शपथेनं. दगडांतून उडालेली पूड त्या भोकांत केव्हाच जाऊन बसली होती. तुम्ही इकडं टाकीखाली जगातला शेवटचा म्हणून एक गड्डा राखत होतात आणि शे-दोनशे पावलांवर तो काँक्रीट फोडून हसत होता. एकदा वाकला असतात वन्सं! एकदाच! भाच्याला म्हणाला असतात, "संज्या, बघ, आला." तेवढं बोलणं तुमच्या दोघांचं राहिलं. त्याबद्दल मी माफ करणार नाही, तुम्हांलाही नाही आणि संजयलाही नाही. कडू लागतंय ना? लागू दे. गोड बोलायला सर आहेत.

त्यानं तुमची सगळी रोपं लावली, मोकळी राहिलेली भोकं शोधून शोधून. आपसूक आलेल्यांच्या शेजारी पेरलेली. कोणती कोणाची हे पुढच्या वर्षी मलाही सांगता येणार नाही. आतून त्याचा आवाज येत होता, बारीक, कुणाशी तरी बोलल्यासारखा. मी कान दिला नाही. सूनबाईलाही म्हणाले, दोर बघ, कान नको लावू. वर आला तो मोटारीच्या स्टार्टरचं झाकण उघडून बघत बसला, ज्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

नानी कठड्याला धरून वाकल्या. त्यांना अंधूक दिसतं, पण बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "हिरवं हाय खरं." चहा काही घेतला नाही. मीही दिला नाही.

आज सकाळी मी शाळेत निरोप धाडला. सरांना म्हणावं, तुम्ही सभेत चुकीचं बोललात. बाईंच्या मागं कोण कोण आहे ते मोजायचं असेल तर आमच्या मळ्यात या. कंबरेला दोर बांधा आणि खाली उतरा. दोर मी धरते.